पाणबुड्यांना चकवणारा चित्रकार

दोन्ही महायुद्धांतील युद्धनौकांची कृष्णधवल छायाचित्रे पाहताना काही चित्रांपाशी नजर अडखळते. लंडनमध्ये थेम्स नदीत संग्रहालय म्हणून उभ्या असलेल्या ‘बेलफास्ट’ या क्रूझरची दुसऱ्या महायुद्धातील छायाचित्रे अशीच आहेत. नौकेच्या अंगावर फिकट आणि गडद रंगांचे मोठमोठे कोनाकृती पट्टे ओढलेले दिसतात. त्यामुळे तिची बाह्यरेषा तुटल्यासारखी भासते. युद्धनौका अशा रंगवण्याची पद्धत रूढ झाली ती पहिल्या महायुद्धात आणि तिचे मोठे श्रेय जाते नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराला.

विल्किन्सन यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८७८ रोजी केंब्रिज येथे झाला. पुढे त्यांचे कुटुंब पोर्ट्समथजवळच्या साउथसी या किनारी गावी राहावयास गेले. तेथील कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकासाठी त्यांनी चित्रे काढली, रेल्वे कंपन्यांसाठी भित्तिपत्रके रंगवली. परंतु त्यांचे खरे प्रेम होते समुद्रावर. ‘टायटॅनिक’ जहाजाच्या पहिल्या वर्गाच्या धूम्रपान कक्षात त्यांनी काढलेले प्लिमथ बंदराचे चित्र लावलेले होते. १९१२ मध्ये जहाजाबरोबर तेही समुद्राच्या तळाशी गेले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर विल्किन्सन नौदलाच्या स्वयंसेवक दलात दाखल झाले. गॅलिपोलीच्या मोहिमेत ते होते. १९१७ मध्ये त्यांची नेमणूक डेव्हनपोर्ट येथे समुद्रातील सुरुंग काढण्याच्या कामावर झाली. त्या वर्षी जर्मन पाणबुड्यांनी हाहाकार माजवला होता. एकट्या एप्रिल महिन्यात दोस्त आणि तटस्थ राष्ट्रांची साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. अन्नधान्यासाठी सागरी मार्गांवर अवलंबून असलेल्या ब्रिटनपुढे जगण्यामरण्याचाच प्रश्न उभा राहिला.

जहाजे लपवण्याचे प्रयत्न तोपर्यंत अनेकांनी केले होते. पण आकाशाचा प्रकाश क्षणोक्षणी बदलतो आणि धुराड्यातून निघणारा धूर लपवता येत नाही. आयुष्यभर समुद्राचे रंग न्याहाळणाऱ्या विल्किन्सन यांना हे पुरते ठाऊक होते. त्याच एप्रिलमध्ये डेव्हनपोर्टकडे परतताना आगगाडीच्या थंड डब्यात त्यांना वेगळीच कल्पना सुचली. जहाज दिसू नये, हे साधणार नसेल, तर ते कोणत्या दिशेने चालले आहे, हे शत्रूला कळू नये, एवढे तर साधता येईल!

या विचारामागे पाणबुडीची एक अडचण होती. पाणबुडीचा कप्तान पेरिस्कोपमधून काही क्षणच पाहू शकतो. तेवढ्यात त्याला जहाजाचे अंतर, वेग आणि दिशा यांचा अंदाज बांधावा लागतो. शिवाय टॉर्पेडो सोडायचा तो जहाजावर नव्हे, तर काही वेळाने ते जेथे पोहोचेल त्या ठिकाणी. दिशेचा अंदाज थोडा जरी चुकला, तरी नेम हुकतो. काळा, पांढरा, निळा, हिरवा अशा रंगांच्या तिरकस आकृत्यांनी जहाजाचे पुढचे टोक, बाजू आणि धुराडी यांचा मेळच नजरेला लागू द्यायचा नाही, असे हे तंत्र होते. त्याला नाव मिळाले ‘डॅझल’, म्हणजे डोळे दिपवणारे.

२७ एप्रिल १९१७ रोजी विल्किन्सन यांनी आपला प्रस्ताव नौदलाकडे सादर केला. ‘इंडस्ट्री’ या लहानशा मालवाहू नौकेवर पहिला प्रयोग झाला. लवकरच लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांचा विभाग सुरू झाला. तेथे जहाजांच्या लाकडी प्रतिकृती रंगवून फिरत्या टेबलावर ठेवल्या जात आणि पेरिस्कोपमधून तपासल्या जात. या कामात कलाशिक्षण घेतलेल्या तरुणींचा मोठा वाटा होता. त्यांपैकी एव्हलिन मॅकेन्झी पुढे विल्किन्सन यांच्या पत्नी झाल्या. राजे पंचम जॉर्ज यांनी या विभागाला भेट दिली, तेव्हा प्रतिकृतीची दिशा ओळखण्यात नौदलात सेवा केलेले स्वतः राजेही चुकले, असा किस्सा सांगितला जातो. युद्ध संपेपर्यंत चार हजारांहून अधिक व्यापारी जहाजे आणि सुमारे चारशे युद्धनौका या रीतीने रंगवल्या गेल्या. १९१८ मध्ये अमेरिकेलाही त्यांनी हे तंत्र शिकवले.

श्रेयाचा वाद मात्र टळला नाही. स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रॅहम केर यांनी १९१४ मध्येच प्राण्यांच्या पट्ट्या-ठिपक्यांच्या आधारे जहाजे रंगवण्याची सूचना केली होती. संशोधकांना बक्षीस देणाऱ्या शाही आयोगाने १९२२ मध्ये विल्किन्सन यांच्या बाजूने कौल दिला व त्यांना दोन हजार पौंड मिळाले. केर यांचा हेतू प्रामुख्याने जहाज लपवण्याचा होता, तर विल्किन्सन यांचा शत्रूला फसवण्याचा. हा फरक महत्त्वाचा ठरला.

डॅझलने जहाजे खरोखर वाचली का? नौदलाच्या समितीला १९१८ मध्ये तसा ठोस पुरावा मिळाला नाही. त्याच सुमारास जहाजे ताफ्याने नेण्याची पद्धत सुरू झाल्याने, कशामुळे किती जहाजे वाचली, हे वेगळे काढणे कठीण होते. तरीही खलाशांचे मनोबल वाढते आणि तोटा काही नाही, म्हणून समितीने हे रंगकाम चालू ठेवण्याची शिफारस केली. ॲस्टन विद्यापीठातील संशोधकांनी १९१९ च्या एका अमेरिकी प्रबंधातील नोंदी पुन्हा तपासून २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. दूरवरची जहाजे क्षितिजाच्या रेषेतच चालली आहेत, असा भास मुळातच होतो. दिशाभूल प्रामुख्याने त्यामुळे होते आणि रंगांचा वाटा त्या मानाने लहान आहे, असे त्यांना आढळले.

दुसऱ्या महायुद्धात नौकांच्या रंगकामाची सूत्रे इतरांकडे गेली. विल्किन्सन यांच्यावर विमानतळांच्या छद्मावरणाची जबाबदारी आली. याच काळात त्यांनी सागरी युद्धाची ५४ चित्रे रंगवली आणि ती राष्ट्राला भेट दिली. १९७१ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या तंत्राने किती जहाजे वाचली, याचा हिशेब आता कधीच लागणार नाही. पण रोज मृत्यूच्या छायेत समुद्र ओलांडणाऱ्या हजारो खलाशांना त्या विचित्र रंगांनी धीर दिला. संकटसमयी कलावंताची नजरही देशाच्या कामी येऊ शकते, हे विल्किन्सन यांनी दाखवून दिले.