डॉ. भाऊ दाजी : रुग्ण, संशोधन आणि घर

देवबागच्या एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. गणपतीला घरी येणाऱ्या पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याची अवस्थाही तशीच असते. एकीकडे वॉर्डातली ड्युटी, दुसरीकडे प्रबंध आणि मधल्या जागेत घर. याच किनाऱ्याने दक्षिणेला, तेरेखोलपलीकडच्या मांद्रे गावी जन्मलेल्या एका डॉक्टरांनी ही ओढाताण पावणेदोनशे वर्षांपूर्वी अनुभवली.

ते रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी. घरची गरिबी होती. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकत असतानाच वडील वारले आणि आई व धाकटा भाऊ नारायण यांचा भार त्यांच्यावर आला. शिष्यवृत्त्या आणि बक्षिसांवर शिक्षण निभावले, पुढे तिथेच शिक्षकाची नोकरी केली. याच सुमारास प्राचीन शिलालेख वाचण्याचा नाद लागला. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तिथून पदवी घेतलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ होते.

१८५१ मध्ये त्यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला आणि लवकरच जम बसला. नारायणही डॉक्टर झाले. दोघा भावांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. रुग्ण सांभाळून भाऊंनी अजिंठ्याचे शिलालेख, कालिदासाचा काळ अशा विषयांवर लेख लिहिले. स्त्रीशिक्षणाचे काम केले, १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफही झाले.

एवढे जमले कसे? दवाखान्यात भावाचा हात होता. शिलालेखांवरचे काम एकेक लेख पुरा करून ते छापून मोकळे होत. वैद्यकीय संशोधनात मात्र तसे झाले नाही. आपल्या कोकणातही आढळणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल ते कुष्ठरोगावर वापरून पाहत होते. त्या उपचारांची सविस्तर मांडणी त्यांच्या हातून राहूनच गेली. मे १८७४ मध्ये, पन्नाशीच्या आसपास, त्यांचे निधन झाले. नारायणही त्यांच्यामागे फार काळ जगले नाहीत. याच कुळातले चालमुग्रा तेल पुढे १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत कुष्ठरोगावर जगभर वापरले गेले. भाऊंच्या नोंदी वेळेत छापल्या असत्या, तर पुढच्या डॉक्टरांना त्यांचा आधार झाला असता.

आजच्या विद्यार्थ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. सगळा भार एकट्याने उचलू नये. ड्युटी वाटून घ्यावी, घरच्यांना आणि मार्गदर्शकांना अडचण मोकळेपणाने सांगावी. दुसरे म्हणजे प्रबंध शेवटच्या वर्षावर ढकलू नये. रुग्ण तपासला की नोंद त्याच आठवड्यात लिहून टाकावी. असे केले, तर गणपतीचे चार दिवस तरी घरात मन लागेल.