भाषेची कसोटी पाहणाऱ्या ग्रेस हॉपर

एखाद्या कार्यालयात टेबलावरचे संगणक आणि मध्यवर्ती सर्व्हर यांना जोडणारी प्रणाली उभारायची ठरली, की पहिला वाद रंगतो तो प्रोग्रामिंगच्या भाषेवरून. मात्र भाषा ठरली तरी प्रश्न सुटत नाही. एकाच भाषेचे निरनिराळ्या कंपन्यांनी घडवलेले कंपायलर बाजारात असतात. भाषा कागदावर राहते. प्रत्यक्षात निवडावा लागतो तो कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करणारा प्रोग्राम. तो भाषेच्या नियमांना धरून चालतो की नाही, हे ग्राहकाने ओळखावे कसे? अमेरिकी नौदलातील गणितज्ञ ग्रेस हॉपर यांनी निवृत्तीच्या वयातील दहा वर्षे या एका प्रश्नासाठी वेचली.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा जन्म झाला. यंत्र आतून कसे चालते हे पाहण्याच्या नादात सातव्या वर्षी त्यांनी घरातील गजराची सात घड्याळे खोलून ठेवल्याचे सांगतात. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवणाऱ्या हॉपर व्हासार महाविद्यालयात अध्यापन करीत होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी नौदलात जाण्याचे ठरवले. वय अधिक आणि वजन कमी असल्याने त्यांना सहजासहजी प्रवेश मिळेना. अखेर खास सवलत घेऊन १९४३ च्या डिसेंबरमध्ये त्या राखीव दलात दाखल झाल्या.

तेथून त्यांची रवानगी हार्वर्ड विद्यापीठात झाली. हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली ‘मार्क वन’ या अजस्र गणनयंत्रासाठी त्या आज्ञावली लिहू लागल्या. प्रत्येक आज्ञा आकड्यांत मांडावी लागे. उपयोगी पडलेले तुकडे सहकारी एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेत आणि उतरवताना हमखास चुका होत. हे नकलण्याचे काम यंत्राकडेच सोपवता येईल, हा विचार येथेच रुजला. १९४९ मध्ये त्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. आधी लिहून ठेवलेले तुकडे क्रमाने बोलावून जोडणारा ‘ए-झीरो’ हा त्यांचा प्रोग्राम १९५२ च्या सुमारास ‘युनिव्हॅक’ संगणकावर चालू लागला. संगणक केवळ आकडेमोड करू शकतो, अशी तेव्हाची ठाम समजूत असल्याने प्रारंभी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे त्यांच्या गटाने इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिता येणारी ‘फ्लोमॅटिक’ ही भाषा सिद्ध केली.

त्या काळी प्रत्येक उत्पादकाची भाषा वेगळी होती. संगणक बदलला, की पगारपत्रके आणि मालसाठ्याचे सारे प्रोग्राम नव्याने लिहावे लागत. ही अडचण दूर करण्यासाठी मे १९५९ मध्ये पेंटॅगॉन येथे सरकारी खाती आणि उत्पादक यांची बैठक झाली. तिच्यातून ‘कोबॉल’ ही सामायिक भाषा जन्माला आली. तिचे श्रेय एकट्या हॉपर यांना देणे योग्य ठरणार नाही. ती समितीची निर्मिती होती. हॉपर तांत्रिक सल्लागार होत्या आणि ‘फ्लोमॅटिक’ हा तिचा प्रमुख पाया होता. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच प्रोग्राम आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला.

प्रात्यक्षिक यशस्वी झाले, पण व्यवहार वेगळाच निघाला. उत्पादकांनी भाषेत आपापल्या सोयीची भर घातली, संदिग्ध नियमांचे निरनिराळे अर्थ लावले. नाव एक आणि पाठभेद अनेक, अशी स्थिती झाली. एका कंपनीच्या पाठभेदात गुंतलेला ग्राहक पुन्हा तिच्याच दावणीला बांधला जाई.

१९६६ च्या अखेरीस वयाच्या साठाव्या वर्षी हॉपर यांना नौदलाने निवृत्त केले. तो दिवस त्यांच्या जिव्हारी लागला. परंतु भाषांच्या या गोंधळाची झळ नौदलालाच बसत होती. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावण्यात आले आणि ती नेमणूक लांबतच गेली. १९७७ पर्यंत नौदलाच्या प्रोग्रामिंग भाषा विभागाची धुरा त्यांच्याकडे होती.

त्यांच्या विभागाने कोबॉलच्या नियमांची पडताळणी करणारे चाचणी-प्रोग्राम तयार केले. उत्तर आधीच ठाऊक असलेली उदाहरणे कंपायलरपुढे ठेवायची आणि निकाल ताडून पाहायचा, अशी ही पद्धत होती. त्यामुळे विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज उरली नाही. कंपायलर किती वेगवान आहे किंवा दुरुस्तीला कंपनी धावून येईल का, हे या चाचण्या सांगत नसत. ते ग्राहकालाच पारखावे लागे. मात्र या दबावामुळे प्रमुख कंपन्यांचे पाठभेद एकमेकांच्या बरेच जवळ आले. १९८० च्या दशकात या चाचण्यांची जबाबदारी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने स्वीकारली.

एका अवाढव्य मध्यवर्ती संगणकाऐवजी लहान संगणकांचे जाळे उभारावे, असा आग्रहही त्यांनी सत्तरच्या दशकापासून धरला. ओंडका एका बैलाला ओढवेना, तर बैल मोठा करीत बसू नये, दुसरा बैल जुंपावा, हा दाखला त्या व्याख्यानांतून देत. अशा जाळ्यात निरनिराळ्या बनावटीची यंत्रे एकत्र नांदायची, तर सर्वांवर सारखी वागणारी भाषा हवीच. म्हणजे हा आग्रह आणि त्या चाचण्या एकाच विचाराची दोन अंगे होती.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टन येथे ‘कॉन्स्टिट्यूशन’ या ऐतिहासिक जहाजावर, रिअर अॅडमिरल हॉपर अखेरच्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ देण्यात आले. १९९९ च्या सुमारास ‘वायटूके’च्या दुरुस्तीसाठी मुंबई-पुण्यातील अनेक तरुणांनी कोबॉल शिकून घेतली, तेव्हा हॉपर यांच्या वारशाशी महाराष्ट्राचाही संबंध आला.

आज जावासारख्या भाषेचेही अनेक कंपन्यांनी घडवलेले अवतार उपलब्ध आहेत. त्यांना अधिकृत सुसंगततेचा शिक्का हवा असेल तर ठरावीक चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात. तो शिक्का पाहून निवड करणारा प्रत्येक जण नकळत हॉपर यांनी घालून दिलेल्या वाटेनेच चालत असतो.