नवख्रिस्ती वैद्य : गार्सिया द ओर्ता



आपल्या भिंगारलगतच्या नगर शहरावर एके काळी निजामशाहीची सत्ता होती, हे आपण जाणतो. त्या घराण्यातील बुऱ्हाण निजामशहाकडे गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य येत असत. ते राजावर उपचार करीत आणि दोघांची मैत्रीही होती. रोगांची व औषधांची अरबी नावे राजाने त्यांना सांगावीत, त्यांनी राजाला लॅटिन नावे शिकवावीत, असा त्यांचा क्रम असे. या वैद्यांचे नाव गार्सिया द ओर्ता.

गार्सिया यांचा जन्म सुमारे १५०१ साली पोर्तुगालमध्ये कास्तेलो द विदे या गावी झाला. त्यांचे आईवडील स्पेनचे यहुदी होते. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर घालवले, तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. तेथे १४९७ साली राजा मानुएल याने यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा दिला. म्हणजे गार्सिया यांचा जन्म बाप्तिस्मा झालेल्या घरातच झाला. तरीही त्यांना नाव मिळाले 'नवख्रिस्ती'. हे नाव मुलाला लागे, नातवाला लागे, पणतूलाही लागे. कितव्या पिढीत माणूस जुना होतो, हे कोणी सांगत नसे.

येथे जरा थांबू या. यहुदी कोणाला म्हणावे? यहुदी धर्मशास्त्र्यांच्या मते यहुदी आईच्या पोटी जन्मलेला मनुष्य धर्म सोडला तरी यहुदीच राहतो. संत पौलाच्या शिकवणुकीनुसार बाप्तिस्म्याने मनुष्य नवा होतो आणि यहुदी व परराष्ट्रीय हा भेद मिटतो. स्पेन-पोर्तुगालच्या समाजाने मात्र तिसराच हिशोब मांडला : रक्ताचा. १४४९ साली स्पेनच्या तोलेदो शहराने यहुदी वंशातील ख्रिस्ती लोकांना अधिकारपदांवरून दूर केले. पोप निकोलस पाचवे यांनी त्याच वर्षी त्याचा निषेध केला, पण ही प्रथा वाढतच गेली. पुढे काही धर्मसंघांनीही ती स्वीकारली, ही आमच्या दृष्टीने अधिक दुःखाची गोष्ट. लग्न जुळवताना "पण मूळचे कोण?" हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातोच.

हाच प्रश्न आपल्या कोकणातील बेने इस्रायल लोकांपुढे उलट बाजूने आला. मराठी बोलणारे आणि शनिवार पाळणारे हे यहुदी इस्रायलमध्ये गेले, तेव्हा तेथील काही धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली. विवाहाच्या बाबतीत अडवणूक झाली. मोठे आंदोलन झाले आणि १९६४ साली त्यांना पूर्ण मान्यता मिळाली.

गार्सिया १५३४ साली मार्तीम अफोंसो द सोझा यांच्याबरोबर गोव्यात आले. मुंबई बेट त्यांना भाडेपट्ट्याने मिळाले होते. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्यांच्या ग्रंथात हिंग, मिरी, आंबा यांची आणि पटकीच्या रोगाची माहिती आहे. हा ग्रंथ त्यांनी लॅटिनमध्ये न लिहिता संवादरूपाने पोर्तुगीजमध्ये लिहिला. प्राचीन ग्रीक वैद्यांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास अधिक होता.

पण वंश पाठ सोडीना. १५४७ साली लिस्बनमध्ये त्यांच्या बहिणींना अटक झाली होती. सुटल्यावर त्या गोव्याला आल्या. १५६० साली गोव्यातही इन्क्विझिशन सुरू झाले. १५६८ साली गार्सिया वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांची बहीण कातारीना हिला जिवंत जाळण्यात आले. कैदेतील नातलगांच्या जबानीत आले की, गार्सियाही गुप्तपणे मोशेचे नियमशास्त्र पाळत असत. १५८० साली त्यांची कबर उकरून अस्थी जाळण्यात आल्या.

आम्हाला वाटते, ती जबानी खोटी असेल तर एका ख्रिस्ती माणसाच्या अस्थी जाळल्या गेल्या. खरी असेल, तर मूळ अपराध १४९७ सालचा, ज्यांनी पाणी जबरदस्तीने ओतले त्यांचा. श्रद्धा सक्तीने लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी यहुदी लोकांविरुद्धच्या पापांबद्दल आणि सत्याच्या नावाखाली वापरलेल्या बळाबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली.

पोर्तुगालमध्ये जुने ख्रिस्ती व नवे ख्रिस्ती हा भेद कायद्याने रद्द झाला तो १७७३ साली. पणजीला गेलात, तर निष्कलंक मातेच्या चर्चजवळची बाग जरूर पाहा. तिला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे.