सेलबर्नचा गिल्बर्ट व्हाइट

इंग्लंडांतील सेलबर्न या खेड्यांत १७२० सालीं जन्मलेला गिल्बर्ट व्हाइट हा धर्मोपदेशक ऑक्सफर्डला शिकूनही पुढें बहुतेक गांवींच राहिला. १७६८ पासून पंचवीस वर्षें, पाकोळी केव्हां आली, कोणतें फूल केव्हां उमललें, हें तो नित्य टिपून ठेवी. दिसण्यांत सारखे असे तीन चिमुकले पक्षी त्यानें आवाजावरून निरनिराळे ओळखले. पाकोळ्या हिंवाळ्यांत परदेशीं जातात कीं तेथेंच दडून निजतात, हें कोडें मात्र त्यास जन्मभर सुटलें नाहीं. त्या समुद्र ओलांडतात, असें भाऊ जिब्राल्टरहून कळवी. तरी यानें माणसें लावून झुडपांचीं मुळें धुंडाळविलीं, आणि कांहींच सांपडलें नाहीं हेंही लिहून ठेविलें! त्याच्या १७८९ च्या ग्रंथाची थोरवी आम्हांस या प्रांजळपणांतच दिसते. १७९३ च्या जूनमध्यें तो वारला. वहींतील शेवटची नोंद त्याच महिन्याची आहे.