शाहू महाराज आणि खेड्यातील विद्यार्थी

श्रीशाहू छत्रपतींचे नाव घेतल्यावाचून कोल्हापुरात एकही समारंभ पार पडत नाही. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनीही त्यांच्या तसबिरीस पहिला हार घातला जातो. त्यांनी धरण बांधले, कुस्तीचे खासबाग मैदान उभारले, कलावंतांना आश्रय दिला, हे लहान मुलेही सांगतात. परंतु त्यांच्या चरित्रातील एक भाग आपण घाईने वाचून पुढे जातो असे मला नेहमी वाटते. आणि संसार करणाऱ्या बायकांस तोच अधिक कळावा असा आहे. तो भाग विद्यार्थ्यांच्या दोन वेळच्या जेवणाचा.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातील हे यशवंतराव. आईचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. १८८४ साली चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले, आणि दोनच वर्षांनी जन्मदाते वडीलही गेले. पुढे राजकोट व धारवाड येथे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती आली. त्या वेळी दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. इतर जातींची माणसे नेमावयाची म्हटली तरी शिकलेली माणसे हवीत ना! १९०२ साली महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, हे सर्वश्रुत आहे. पण त्या जागांवर बसणारा मुलगा शाळेत टिकावा कसा, हा प्रश्न त्यांनी त्याच्याही आधी हाती घेतला होता.

आता हे नीट समजून घेतले पाहिजे. भुदरगड, राधानगरी किंवा शिरोळकडच्या कुणब्याचा मुलगा गावच्या शाळेत चार इयत्ता शिकला, हुशार निघाला, तर पुढे त्याला कोल्हापुरासच यावे लागे. समजा, त्याची फी माफ झाली. मग तो निजावयाचा कोठे आणि जेवावयाचा कोठे? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यास निदान वार लावून जेवण्याची किंवा माधुकरी मागण्याची सोय होती. ती सोय अपमानाची होती, कष्टाची होती, पण होती. शेतकऱ्याच्या मुलास शहरातील कोणते दार उघडे होते? महार-मांगांच्या मुलाची तर गोष्टच बोलावयास नको. खाणावळीचे पैसे रोख द्यावे लागत, आणि शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा सुगीखेरीज दिसत नसे. अशा मुलाची शाळा सुटत असे ती बुद्धी नव्हती म्हणून नव्हे, तर भाकरी नव्हती म्हणून. घरात पाहुणा आला तर पीठ पुरेल का, ही काळजी जिने केली आहे तिला हे अधिक फोड करून सांगावयास नको.

महाराजांनी प्रथम सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मिळून एकच वसतिगृह काढून पाहिले. पण शिवाशिवीच्या त्या काळात तेथे इतर जातींच्या मुलांचा निभाव लागेना. तेव्हा १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी (तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले), १९०७ साली वीरशैवांचे, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, आणि पुढे दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशी एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली. दरबाराने कोणास जागा दिली, कोणास इमारत, कोणास सालाची नेमणूक. दसरा चौकात उभे राहून सभोवार पाहिले तर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, चित्रदुर्ग मठाचे लिंगायत बोर्डिंग अशी ही मालिका आजही दिसते, आणि मधोमध महाराजांचा पुतळा.

जातवार बोर्डिंगे काढून महाराजांनी जातिभेद वाढविला, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला व आजही कोणी कोणी घेतात. मला तो पटत नाही. एका पंगतीस बसावयास जे तयार नव्हते त्यांची पोरे उपाशी ठेवून पंगत एक होण्याची वाट पाहणे, हा काही उपाय नव्हे. शिवाय शाळा मात्र त्यांनी वेगळ्या ठेवल्या नाहीत. १९१९ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला. त्याआधी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले होते, आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड होता. त्या काळी गरिबास रुपया म्हणजे थोडका नव्हे!

या बोर्डिंगांतून किती जण शिकून बाहेर पडले त्याची मोजदाद मी करीत नाही. एकाचेच उदाहरण देते. हातकणंगले तालुक्यातील कुंभोजचा भाऊराव पाटील हा मुलगा जैन बोर्डिंगात राहून शिकत होता. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभास तो गेला. परत आल्यावर शुद्धीचे स्नान करावयास त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. महाराजांनी त्यास आपल्याकडे ठेवून घेतले. परीक्षांत त्याने फारसे तेज दाखविले नाही. पण घरापासून दूर आलेल्या पोरास छप्पर आणि अन्न म्हणजे काय, हे तो जन्मभर विसरला नाही. १९१९ साली त्याने काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढून त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले. कोल्हापुरास जे साधले नव्हते ते साताऱ्यास साधले. त्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. त्यांच्या तसबिरीसही एखादा हार घालावा असे मला वाटते.

आज सरकारच्या शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीस राजर्षींचे नाव आहे. २०२४ पासून ८ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही माफ झाली. फार चांगले झाले. तरी आपल्याच गल्लीत खोली घेऊन राहणाऱ्या खेड्यातील मुलींना विचारावे. फी माफ झाल्यावरही खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे उरतातच, आणि बाप अडचणीत आला की पहिल्याने मुलीलाच परत बोलावले जाते. वसतिगृहाच्या खर्चासाठी निर्वाह भत्त्याच्या निराळ्या योजना आहेत. त्यांचीही चौकशी या मुलींनी अवश्य करावी, आणि अर्ज भरण्यास आपण त्यांना मदत करावी.

मुलींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. महाराजांच्या बोर्डिंगांची यादी वाचताना ती सारी मुलांसाठी होती हे बाईच्या नजरेतून सुटत नाही. मुलींसाठी त्यांनी केले ते वेगळ्या वाटेने. रखमाबाई केळवकर यांच्याकडे मुलींच्या शाळांची देखरेख सोपविली, त्यांच्या कन्या कृष्णाबाई यांना डॉक्टरीच्या शिक्षणासाठी साहाय्य देऊन विलायतेस धाडले, आणि त्या परत येऊन येथल्याच इस्पितळात काम करू लागल्या.

आणि मग घरातच प्रसंग ओढवला. १९१८ साली धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी. वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. राजघराण्यातील विधवा म्हणजे पडद्याआड जन्म काढावयाचा. महाराजांनी घरच्यांचा विरोध असतानाही त्या सुनेस सोनतळीच्या कँपवर नेऊन शिक्षण सुरू केले. ती एकटी पडू नये म्हणून निरनिराळ्या जातींच्या मुली तिच्या सोबतीस आणून ठेवल्या. त्या तेथेच राहत, तेथेच जेवत, तेथेच शिकत. तिने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ६ मे १९२२ रोजी मुंबईस महाराजांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते. इंदुमतीदेवींचे डॉक्टर होणे राहिले, पण १९२५ साली त्या मॅट्रिक झाल्या, आणि पुढे कोल्हापुरातील मुलींच्या शिक्षणाचे काम त्यांनी स्वतः अंगावर घेतले.