कुत्र्यांच्या रंगांचं गणित मांडणारे क्लॅरेन्स लिटल सिगारेट कंपन्यांच्या बाजूने कसे गेले?

दोन काळ्या लॅब्रेडॉरना चॉकलेटी पिल्लू झालं, की मालकाला फसवणुकीची शंका येते. पण चॉकलेटी रंगाचं जनुक दोन्ही काळ्या आईबापांत लपलेलं असू शकतं. दोघांकडूनही ते मिळालं, तरच पिल्लू चॉकलेटी होतं.

जातिवंत कुत्र्यांच्या रंगांचं हे गणित सविस्तर मांडलं क्लॅरेन्स कुक लिटल यांनी.

लिटल यांचा जन्म १८८८ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. हार्वर्डमध्ये शिकताना त्यांनी उंदरांच्या रंगांचा अभ्यास सुरू केला. १९०९ पासून भावाबहिणींचा पिढ्यानपिढ्या संकर करून त्यांनी जवळपास एकसारखे उंदीर तयार केले. कर्करोगाच्या संशोधनाला अशाच उंदरांची गरज होती. १९२९ मध्ये मेन राज्यातल्या बार हार्बर इथे त्यांनी जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली.

पण वंशशुद्धीचा हा विचार ते माणसांपर्यंतही घेऊन गेले. अमेरिकन युजेनिक्स सोसायटीचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं.

कुत्र्यांच्या रंगांवरचं त्यांचं पुस्तक १९५७ मध्ये आलं. रंग काळा की तपकिरी, गडद की फिका, अंगावर पांढरे पट्टे किती, हे वेगवेगळी जनुकं ठरवतात, अशी त्यांची मांडणी होती. ब्रीडरसाठी ही माहिती फार मोलाची आहे. उदाहरणार्थ, फिकट अंगावर गडद डाग असलेल्या दोन 'मर्ल' कुत्र्यांचा संकर केला, तर साधारण चारातलं एक पिल्लू 'डबल मर्ल' होतं. अशा पिल्लांना बहिरेपणाचा आणि अंधत्वाचा मोठा धोका असतो.

पुस्तक आलं तेव्हा लिटल एका वेगळ्याच पदावर होते. कधीकाळी कर्करोगविरोधी संस्थेचे प्रमुख असलेले लिटल १९५४ मध्ये सिगारेट कंपन्यांनी उभारलेल्या संशोधन समितीचे वैज्ञानिक संचालक झाले. कर्करोगाचं मूळ आनुवंशिकतेत असतं, यावर त्यांचा भर होता. धूम्रपानामुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं ते सांगत राहिले. कंपन्यांना नेमकं हेच हवं होतं. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध स्पष्ट केला. तरीही लिटल यांनी भूमिका बदलली नाही. १९७१ मध्ये त्यांचं निधन झालं.

कुत्र्यांबाबतही त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं. गडद काळ्या रंगाचं एक जनुक त्यांनी चुकीच्या गटात टाकलं होतं. २००७ मध्ये डीएनए संशोधनातून ते वेगळं असल्याचं दिसलं आणि ब्रीडरनी ती दुरुस्ती स्वीकारली. सिगारेटबाबतची दुरुस्ती मात्र लिटल यांच्या हयातीतच समोर आली होती. ती त्यांनीच नाकारली.