सुमो गाडी सगळ्यांना माहीत, पण रक्तदानाची चळवळ उभी करणाऱ्या लीलाताई मूळगावकर किती जणांना माहीत?

कोन (ता. भिवंडी) : टाटाची सुमो गाडी आपल्या गावांना नवी नाही. लग्नाचं वऱ्हाड असो, नाहीतर रात्री-अपरात्री पेशंट कल्याणला न्यायचा असो, एकेकाळी सुमोच दारात यायची. या गाडीचं नाव कुस्तीवरून पडलं असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ते सुमंत मूळगावकर या मराठी इंजिनिअरच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन ठेवलेलं आहे. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, ती त्यांनी उभी केली. आज मात्र सांगायचं आहे ते त्यांच्या पत्नीबद्दल, लीलाताईंबद्दल. गाडीवर नाव नवऱ्याचं आलं. पण आपल्याकडे चौकाचौकात रक्तदान शिबिराचे जे बॅनर लागतात, त्याची सुरुवात शोधायला गेलं की लीलाताईंचं नाव येतं.

लीलाताईंचा जन्म १९१६ चा. त्या डॉक्टर नव्हत्या. मुंबईत राहणाऱ्या, समाजकार्यात उतरलेल्या बाई. १९५४ साली टेल्कोने जर्मन कंपनीबरोबर ट्रक बनवायला घेतले आणि त्याच साली लीलाताईंनी मुंबईत स्वेच्छा रक्तदानाची मोहीम सुरू केली. नवरा ट्रकच्या मागे आणि बायको रक्ताच्या बाटलीच्या मागे, असं ते घर.

त्या काळात रक्त कसं मिळायचं हे आजच्या पोरांना सांगूनही पटणार नाही. रक्त विकत मिळायचं. दवाखान्याबाहेर रक्त विकणारी माणसं असायची. पोटाला नाही म्हणून रक्त द्यायचं, पैसे घ्यायचे आणि शरीर भरून यायच्या आत पुन्हा यायचं. अशा माणसाचं रक्त आधीच पातळ. वर त्याला कावीळ होऊन गेली असली तरी तो सांगणार कशाला? सांगितलं तर त्या दिवसाची भाकरी जाते. म्हणजे पेशंटच्या नातेवाईकाने पैसेही मोजायचे आणि पेशंटच्या अंगात आजारही जायचा. देणारा गरीब तोही मरतुकडा होत जायचा. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काय करायचं, याला उत्तरच नव्हतं.

असं नाही की मुंबईत रक्ताची विद्या नव्हती. लीलाताईंच्या मोहिमेच्या दोनच वर्षं आधी, १९५२ साली, डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक दुर्मीळ रक्तगट शोधून काढला होता. आज सगळं जग त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं. रक्त तपासणारे हुशार डॉक्टर होते. कमी होती ती धडधाकट माणसाने आपणहून, पैसे न घेता हात पुढे करण्याची. हे काम यंत्राचं नाही, माणसाला विचारण्याचं आहे. आणि माझ्या मते तेच जास्त अवघड. रक्त दिलं की अशक्तपणा येतो, पुरुषाने जड काम करू नये, बाईने तर देऊच नये, हे आजही आपल्याकडे ऐकू येतं. सत्तर वर्षांपूर्वी काय असेल याचा विचार करा.

लीलाताई या कामात टिकल्या. १९६३ साली सरकारने त्यांना समाजकार्यासाठी पद्मश्री दिली. पुढे देशभर इतरही माणसं या कामाला लागली आणि १९७५ पासून १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन पाळला जाऊ लागला. सुमंतराव १९८९ मध्ये गेले, लीलाताई १९९२ मध्ये. सुमो गाडी रस्त्यावर आली ती १९९४ मध्ये, दोघांनीही ती पाहिली नाही. रक्त विकायला बंदी आलेलीही लीलाताईंनी पाहिली नाही. ४ जानेवारी १९९६ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री कायमची बंद झाली. म्हणजे १९५४ ते १९९८, चव्वेचाळीस वर्षं लागली.

आता आपल्याकडचं बोलू. शिबिरं खूप होतात, पण एकाच दिवशी. कुणाचा वाढदिवस असला की शे-दोनशे पिशव्या. काही ठिकाणी मिक्सर, हेल्मेट, जेवणाचा डबा असं काय काय ठेवतात. स्वेच्छा रक्तदानात पैसे नाहीत आणि पैशाच्या बदल्यात वस्तूही नाही, हा नियम आहे. भेटीसाठी आलेला माणूस आजार लपवतो, म्हणजे फिरून १९५४ लाच आलो की आपण. आणि रक्त साठवून साठवून किती दिवस ठेवणार? साधी पिशवी ३५ दिवस टिकते, प्लेटलेट तर पाचच दिवस. पावसाळ्यात डेंग्यू येतो तेव्हा जानेवारीतल्या शिबिराचा उपयोग शून्य. थॅलेसेमियाच्या लेकरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना वाढदिवसाची तारीख कळत नाही.

कोनसारख्या गावात शिबिर ठेवायचं तर शेतीचा आणि गोदामाच्या पाळीचा हिशोब आधी करावा लागतो. लावणीत चिखलातून आलेला माणूस देणार नाही, उपाशी माणसाकडून तर घेऊच नये. श्रावणात, नवरात्रात उपासवाले बरेच, ते दिवस टाळलेले बरे. गोदामातल्या पोरांसाठी पाळी सुटायची वेळ धरावी. लायसन असलेल्या रक्तपेढीशी महिनाभर आधी बोलावं आणि तिला त्या आठवड्यात किती पिशव्या लागतील ते विचारून तेवढीच माणसं बोलवावीत. बाकीच्यांची यादी पुढच्या खेपेला ठेवावी. नुसता व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून कुणी येत नाही. जो आधी देऊन आलाय, त्यानेच आळीत जाऊन दोघा-तिघांना सांगावं लागतं.

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. अंगात साधारण पाच लिटर रक्त, त्यातलं घेतात ३५० मिली. हिमोग्लोबिन कमी म्हणून आपल्या बऱ्याच बायाबापड्यांना परत पाठवतात. त्यांना लाजवू नये. तिथल्या तिथे डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घ्याव्यात.

सगळ्यात जास्त ओढाताण मे महिन्यात होते. कॉलेजं बंद, माणसं गावी गेलेली, लग्नसराई जोरात. बाळंतपणं आणि अपघात काही थांबत नाहीत. पहिलं शिबिर घ्यायचंच असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात घ्या, सकाळी ऊन चढायच्या आत.